संगमरवरावर १९४९ रोमन अंकांत कोरताना चुकलो. पक्की रीत सांगाल का?

टाकी_लष्कर

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरला लष्कर भागात, चिटणीसांच्या गोठीजवळ माझं पाट्या कोरायचं दुकान आहे. वडील संगमरवरावर टाकीने अक्षर काढायचे, मीही तेच करतो. ग्रॅनाइटसाठी आता मशीन आलंय, पण घराच्या पाटीला इथलं गिऱ्हाईक अजून हाताचंच काम मागतं. देवनागरी माझ्या हातात बसलेली आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र रोमन आकड्यांची मागणी वाढली आहे. कुणाला लग्नाची तारीख हवी असते, कुणाला घराचं साल.

मोबाइलवर मराठीतच टंकतो, म्हणून रोमन अक्षरं नावाने लिहितोय. आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००. एवढं मला येतं. अडचण पुढे आहे.

मागच्या महिन्यात एका मराठी कुटुंबाचं काम आलं. जुना वाडा पाडून त्याच जागी नवं घर बांधलंय. मूळ वाडा आजोबांनी १९४९ साली बांधला होता, तर दारावर ते साल रोमन अंकांत हवं होतं. मी हिशेब असा केला: एम हजार, सीएम नऊशे, आणि एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, म्हणून एलच्या आधी आय. पाच अक्षरं, एम-सीएम-आयएल. पाटीवर छान मधोमध बसली. काळा रंग भरला, पॉलिश केलं, नेऊन दिली. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या सूनबाईंनी मुलाचं गणिताचं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. चुकलं होतं.

संगमरवरातलं अक्षर पुसता येत नाही. तासायचं म्हटलं तर अख्खा पृष्ठभाग दोन सूत खाली न्यावा लागतो आणि कडेची नक्षी जाते. नवी पाटी मी माझ्या खर्चाने करून देतोय, त्याचं काही नाही. पण आजोबांचं साल त्यांनी विश्वासाने माझ्या हाती दिलं होतं, ते मनातून जात नाही.

माझं विचारणं असं. एक, एकोणपन्नास आयएल का होत नाही? नऊ तर आयएक्सच होतो की, दहाला एक कमी. दोन, दुकानात एक पोरगा शिकतोय, त्यालाही जमेल अशी रीत सांगा, आणि टाकी लावण्याआधी पडताळायचं कसं तेही सांगा. तीन, एका बंगल्याच्या ओसरीसाठी दगडी घड्याळाची तबकडी करायची आहे. मालकांनी जुन्या घड्याळाचा फोटो दिलाय, त्यात चारच्या जागी चार उभ्या रेघा आहेत. फोटोप्रमाणे कोरू की आयव्ही?

गणिताच्या_बाई

मी लष्करातच राहते. शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली बरीच वर्षं पाचवी-सहावीला. तुमचा हिशेब वाचला आणि चूक कुठून आली ते लगेच कळलं. ती आपल्या भाषेतून आली. आपण एकोणीस म्हणतो, एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद म्हणतो. एक ऊन पन्नास. जिभेला ‘पन्नासला एक कमी’ची सवय लहानपणापासून असते, मग हात आयएल लिहून मोकळा होतो. माझ्या वर्गातली मराठी मुलं हेच करायची. ४९ चुकायची, ५९ चुकायची, आणि ९९ला मात्र थबकायची, कारण आपण एकोणशंभर म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणतो.

रोमन लोकांची बोली या बाबतीत आपल्यासारखीच होती. लॅटिनमध्ये एकोणीसला ‘उन्देविगिन्ती’ म्हणत, म्हणजे विसाला एक कमी. अठरालाही ‘दुओदेविगिन्ती’, विसाला दोन कमी. आणि तरी एकोणीस लिहिताना ते एक्स-आयएक्स लिहीत, दहा आणि नऊ. बोलण्यात वीस धरला, लिहिण्यात दहा धरला. तेव्हा लिहिताना जिभेचं ऐकायचं नाही, घरं पाहायची.

घरं म्हणजे आपली नेहमीची: हजार, शतक, दशक, एकक. प्रत्येक घर आपापलं वेगळं लिहायचं आणि शेजारी शेजारी ठेवायचं. १९४९ म्हणजे हजार एक, शतक नऊ, दशक चार, एकक नऊ. हजारचा एम. नऊशेचा सीएम. चाळीसचा एक्सएल. नवाचा आयएक्स. जोडा: एम-सीएम-एक्सएल-आयएक्स. सात अक्षरं. तुमच्या आयएलमध्ये एककाचा आय उठून दशकाच्या एलला जाऊन चिकटला, दोन घरांची सरमिसळ झाली. नऊ आयएक्स होतो तो एककाच्या घरातल्या घरात. वजाबाकी चालते, पण घराचा उंबरा ओलांडून नाही. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी येतो, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. व्ही, एल, डी कधीच वजा होत नाहीत.

पोराला शिकवताना एककाची नऊ रूपं आधी हातात बसवा: आय, आयआय, आयआयआय, आयव्ही, व्ही, व्हीआय, व्हीआयआय, व्हीआयआयआय, आयएक्स. दशकाला हाच साचा, फक्त आय-व्ही-एक्सच्या जागी एक्स-एल-सी. शतकाला सी-डी-एम. तुम्ही अक्षर कोरणारे आहात, साचा म्हटल्यावर तुम्हाला जास्त सांगायला नको. आपला जयविलास महाल १८७४चा. एम, मग आठशे डीसीसीसी, सत्तर एलएक्सएक्स, चार आयव्ही.

पडताळण्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या, इथे मोठी माणसंही फसतात. अक्षरांची बेरीज-वजाबाकी करून साल परत आलं की बरोबर, असं समजू नका. तुमच्या चुकलेल्या पाटीची बेरीज करा: हजार, नऊशे, एकोणपन्नास. १९४९च येतं! बेरीज जुळली आणि लिहिणं चुकलेलंच राहिलं. म्हणून पडताळा घरांचा करायचा. गेरूने लिहून झालं की प्रत्येक घरामागे एक बारीक रेघ मारा आणि प्रत्येक तुकडा त्या नऊ रूपांत आहे का बघा. आयएल कुठल्याच घरात सापडणार नाही.

जिथे घर रिकामं तिथे काहीच लिहायचं नाही. २००५ म्हणजे एमएम-व्ही, मधली दोन घरं गायब. त्यांच्याकडे शून्याचं चिन्ह नव्हतं. आणि तुम्ही ग्वाल्हेरचे पाथरवट आहात म्हणून सांगते, एकदा किल्ल्यावरचं चतुर्भुज मंदिर बघून या. अखंड खडकात कोरलेलं आहे. त्यातल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६, असा काळ आहे. देवळाला दिलेल्या बागेची मापं त्यात दिली आहेत, १८७ हात आणि २७० हात, आणि देवाला रोज ५० माळा. त्या २७०मध्ये आणि ५०मध्ये शून्य आहे, लहानसं वर्तुळ, आज आपण काढतो तसंच. रोमन लिपीत २७० म्हणजे सीसी-एलएक्सएक्स, एककाला काही नाही.

सियागंज_हिशेब

इंदूरहून. सियागंजात एका पेढीवर हिशेब लिहितो, दिवसभर कॉम्प्युटरवर असतो. बाईंची रीत उत्तमच. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला सोपी जाईल अशी आणखी एक सांगतो.

सुटे देताना आपण मोठी नोट आधी काढतो ना, तसंच. फक्त नोटा तेरा आहेत असं समजा: १०००, ९००, ५००, ४००, १००, ९०, ५०, ४०, १०, ९, ५, ४, १. यांतली बसेल ती सर्वांत मोठी काढत जायची. १९४९मधून हजार गेले, ९४९ उरले. नऊशे गेले, ४९ उरले. आता गल्ल्यात ४९ची नोट नाही! ४०ची आहे. ती दिली, ९ उरले, नवाची नोट आहे. संपलं. हाताखालच्या पोराला या तेरा नोटा भिंतीवर लिहून द्या, दुकानात डोळ्यांसमोर राहतील. कॉम्प्युटरही हेच करतो.

पण कॉम्प्युटरवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. एक्सेलमध्ये रोमन करून देणारं सूत्र आहे, त्याला पाच प्रकार आहेत, ० ते ४. ० दिलं तर शाळेतलं रूप मिळतं: ४९९ला सीडी-एक्ससी-आयएक्स. ४ दिलं तर तोच ४९९ आयडी असा आखूड होऊन येतो, पाचशेला एक कमी. म्हणजे गिऱ्हाईक छापील कागद घेऊन आलं, तरी तो कुठल्या प्रकारातून काढलाय ते कळत नाही. बाईंची घरं लावून बघाच. आणि ते सूत्र ३९९९च्या पुढे चालत नाही, कारण चार हजारांना चार एम लागले असते. पुढच्या आकड्यांना अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ देऊन हजारपट धरायची पद्धत आहे, पण घराच्या सालाला ती कशाला लागणार.

टाकी_लष्कर

बाई, सियागंजवाले दादा, दोघांचे फार आभार. ‘बेरीज जुळली आणि लिहिणं चुकलेलंच राहिलं’ हे वाचून मी दुकानात उठून उभा राहिलो. मी पाटी देण्याआधी बेरीज केली होती. दोनदा केली होती. म्हणून तर निर्धास्त होतो.

तेरा आकडे पोराने भिंतीवर खडूने लिहिलेत. कालपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला जन्मसाल विचारून रोमन करून दाखवतोय.

घड्याळजी_रावपुरा

बडोद्याहून लिहितोय. तीन पिढ्या घड्याळांचं काम आहे आमचं. तबकडीबद्दल मी सांगतो.

फोटोप्रमाणेच कोरा, चार उभ्या रेघा. घड्याळाच्या तबकडीवर हे रूप शेकडो वर्षं चालत आलंय आणि जुन्या भिंतीवरच्या, खिशातल्या घड्याळांत बहुतेक तेच असतं. चूक म्हणून कुणी बोट दाखवणार नाही. आयव्ही असलेलीही आहेत, लंडनचं बिग बेन घ्या, त्यावर आयव्हीच आहे. पण मालकांनी जुन्या घड्याळाचा फोटो दिलाय, म्हणजे त्यांना तेच रूप हवंय.

तसं का, याची कारणं लोक बरीच सांगतात, पक्कं एक नाही. माझ्या कामात जे उघड दिसतं ते सांगतो. चारच्या समोर आठ येतो, आणि आठात चार अक्षरं आहेत, अंगाने भारदस्त. इकडे आयव्ही ठेवला की उजवी बाजू हलकी पडते. दुसरं म्हणजे चार रेघा घेतल्या की पहिल्या चार तासांत नुसता आय, मधल्या चारांत व्ही, शेवटच्या चारांत एक्स, असे तिघांचे सरळ वाटे पडतात. अक्षरं मोजून बघा. बारा तासांना वीस आय, चार व्ही आणि चार एक्स. धातूची ओतायची असतील तर पाच आय, एक व्ही, एक एक्स असा एक साचा करून चार वेळा ओतला की काम पुरं, एकही तुकडा वाया नाही. आयव्ही घेतला तर सतरा, पाच, चार होतात, आणि ते कशातच नीट वाटले जात नाहीत.

आणखी एक, हे दगडावर फार महत्त्वाचं. जुन्या तबकडीत आकड्यांचे पाय मध्याकडे असतात. म्हणजे चार ते आठ हे आकडे बघणाऱ्याला उलटे दिसतात. आयव्ही आणि व्हीआय तिथे जवळजवळ राहतात, आणि उलटे असल्यामुळे नजर गोंधळते. चार रेघांचा घोळ होत नाही.

आता अक्षराची जाडी. व्हीची डावी रेघ जाड, उजवी बारीक. एक्सची डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी जाड, दुसरी बारीक. कागदाची आकृती दगडावर आरशातल्यासारखी उलटी चिकटवली गेली तर जाड-बारीकची अदलाबदल होते. काय चुकलं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण तबकडी डोळ्याला खुपते. दुरुस्तीला आलेल्या तबकड्यांवर कुणीतरी हाताने पुन्हा रंगवताना हे केलेलं मी किती वेळा बघितलंय. आधी बारा आकडे वेगवेगळ्या कागदांवर काढा, प्रत्येकाच्या पायाशी खूण करा, मग मध्यापासून दोरी ताणून एकेक लावा.

गणिताच्या_बाई

घड्याळजींचं वीस-चार-चार मी आत्ता कागदावर मोजून बघितलं. बरोबर आहे. इतकी वर्षं शिकवलं, पण हे मोजून बघायचं मला सुचलं नव्हतं. फार आवडलं.

टाकीवाले भाऊ, यावरून कुणी तुम्हाला विचारेल की मग चार खरा कुठला. दोन्ही जुने आहेत. रोमच्या कोलोसियमच्या दारांवर आकडे कोरलेले आहेत, तिथे ४४व्या दारावर एक्सएल आणि पुढे चार आय असं आहे. चाळीसला वजाबाकी केली, चारला केली नाही, एकाच दगडावर! लंडनच्या ॲडमिरल्टी कमानीवर १९१० हे साल एम-डीसीसीसीसी-एक्स असं आहे, नऊशेला सीएम न घेता पाचशे आणि चार शंभर. म्हणजे पाथरवटांनी दोन्ही रीती वापरल्या. तरी आज घराच्या पाटीवर कोराल ते शाळेतलंच रूप कोरा, कारण वाचणारा तेच शिकून आलेला असतो. घड्याळाची गोष्ट वेगळी.

टाकी_लष्कर

रविवारी पोराला घेऊन किल्ल्यावर जाऊन आलो. लहानपणापासून या किल्ल्याखाली राहतोय, त्या चढावरून किती वेळा गेलो असेन, पण चतुर्भुज मंदिरात शिरून शिलालेखाकडे कधी बघितलं नव्हतं. पोराने २७० शोधला, मी ५० शोधला. मला ती लिपी वाचता येत नाही, पण शून्य ओळखता येतं. लहानसं वर्तुळ. टाकीने गोल काढणं सरळ रेघेपेक्षा अवघड असतं, आणि लहान गोल तर फारच. टाकी जरा घसरली की कपचा उडतो. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

आता नव्या पाटीचं सांगतो. पाच अक्षरांच्या जागी सात आली, त्यांत दोन एम, आणि एम सगळ्यांत रुंद. तेवढ्याच रुंदीत बसवायची तर उंची कमी करावी लागते. मी आयला एक वाटा धरला, एक्स, एल आणि सीला तीन, एमला चार. एम, सी, एम, एक्स, एल, आय, एक्स म्हणजे चार, तीन, चार, तीन, तीन, एक, तीन. एकवीस वाटे, आणि मधली सहा अंतरं अर्ध्या वाट्याची, तीन वाटे. चोवीस. पाटी अठरा इंचांची, दोन्हीकडे तीन-तीन इंच सोडले की बारा इंच राहतात. म्हणजे वाटा अर्ध्या इंचाचा. अक्षराची उंची दोन इंच ठेवली की शोभेल असं वाटतंय.

आणखी तीन कामं आहेत, गेरू लावण्याआधी इथे लिहितो, कृपा करून बघा. लग्नाची तारीख १४ फेब्रुवारी १९९४: एक्स-आयव्ही, मग आयआय, मग एम-सीएम-एक्ससी-आयव्ही. एका दुकानाचं साल १९९९: एम-सीएम-एक्ससी-आयएक्स. गिऱ्हाईक एम-आयएम लिहून घेऊन आलं होतं, त्यांना मी बाईंची घरं समजावून सांगितली आणि त्यांना पटलं. एका जुन्या विहिरीच्या कठड्यासाठी १८८८: एम-डीसीसीसी-एलएक्सएक्सएक्स-व्हीआयआयआय.

गणिताच्या_बाई

तिन्ही बरोबर आहेत. तारखेत दिवस, महिना, साल यांच्या मधे, अक्षराच्या मध्यउंचीवर, एक-एक ठिपका द्या. रोमन शिलालेखांत शब्द वेगळे करायला असेच ठिपके असत. नाहीतर १४चा आयव्ही आणि महिन्याचा आयआय एकमेकांना चिकटून वाचले जातील.

१८८८मध्ये तेरा अक्षरं आहेत. दोन हजारच्या आत याहून लांब साल नाही. कठडा गोल आहे की सरळ? गोल असेल तर आधी सुतळीने मापून घ्या, आणि गेरूने लिहिलेलं असतानाच फोटो इथे टाका.

टाकी_लष्कर

गोल आहे, बाई. उद्या सकाळी सुतळी घेऊन जातो. दुपारपर्यंत फोटो टाकतो.